संगणकावरचा फोन (लेखांक ६) : ऐकलेला निरोप, निकाली निघालेला निरोप

मागच्या आठवड्यात संगणकावर आलेला कॉल कसा घ्यायचा ते पाहिलं. आता घेता न आलेल्या कॉलकडे वळू.

समजा, रात्री साडेदहाला फोपनारचा एक केळी बागायतदार किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर लावतो. बागेत कोवळ्या पानांवर पिवळ्या रेघा उमटल्यात, काही झाडांचा पोंगा सडतोय, हरण्या या विषाणूजन्य रोगाची धास्ती आहे. २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या या सेवेची वेळ सकाळी सहा ते रात्री दहा. केंद्र बंद असेल किंवा सगळ्या लाइन व्यस्त असतील, तर शेतकऱ्याचं म्हणणं व्हॉइसमेलवर रेकॉर्ड व्हावं आणि त्याला उलट फोन जावा, अशी सोय योजनेतच आहे. सल्लागाराच्या संगणकात सॉफ्टफोन, म्हणजे फोनचं काम करणारं सॉफ्टवेअर, असतो; कॉल करणाऱ्याचा नंबर त्यावर दिसतो.

हरण्याचा विषाणू मावा झाडोझाडी नेतो. रोगट झाड फवारणीनं बरं होत नाही, ते उपटून नष्टच करावं लागतं. असा निरोप दोन दिवस पडून राहिला तर बागेचं नुकसान वाढत जातं.

आणि निरोप पडून राहतो तो बहुधा ऐकल्यानंतरच! अ‍ॅस्टरिस्क या कार्यालयीन फोनच्या मुक्त सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. नवा निरोप 'इनबॉक्स'मध्ये येतो, एकदा ऐकला की 'ओल्ड'मध्ये जातो आणि नव्या निरोपांचा आकडा एकानं उतरतो. सकाळच्या पाळीतल्या कुणी तो ऐकला, तेवढ्यात दुसरा कॉल आला, की पुढच्या माणसाला स्क्रीनवर काहीच बाकी दिसत नाही. शेतकरी मात्र फोनची वाट पाहत असतो.

म्हणून ऐकता ऐकताच नाव, गाव, पीक, नंबर आणि उलट फोन कोण करणार हे वहीत किंवा शीटमध्ये उतरवा. काम बाकी असलेला निरोप 'वर्क' या फोल्डरमध्ये हलवा. सगळे निरोप आधी ऐकून घ्या, मग फोन करा. अनुदानाच्या चौकशीआधी रोगाच्या तक्रारीला फोन गेला पाहिजे, मग ती उशिरा आलेली का असेना. शेतकऱ्याशी बोलणं झाल्याशिवाय निरोप पुसू नका. पण झाल्यावर जरूर पुसा, कारण फोल्डरला मर्यादा असते. मूळ सेटिंगमध्ये शंभर निरोप. ती भरली की नवा निरोप घेतलाच जात नाही. ही मर्यादा वाढवता येते. साध्या रेकॉर्डिंगला मिनिटाला जेमतेम एक एमबी लागतो, तेव्हा जागेची सबब चालणार नाही.

फोपनारच्या वाचकांना एक विनंती. तुमचा बऱ्हाणपूर जिल्हा मध्य प्रदेशात असला तरी तुम्हाला मराठीत बोलायचं असेल, तर तसं सुरुवातीलाच सांगा. नुसतं 'हरण्या' म्हणून थांबू नका, पानावर काय दिसतं तेही सांगा. फोन मुलाचा असेल तर तुमचा स्वतःचा नंबर एकेक आकडा करून दोनदा बोला, आणि कोणत्या वेळी भेटाल तेही.