सरकत्या धावपट्टीवरून विमान उडेल का?

सान्नोमियाहून पोर्टलायनरने निघालात की शेवटी कोबे विमानतळ लागतो. समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावरचा हा विमानतळ २००६ साली सुरू झाला. त्याला २,५०० मीटरची एकच धावपट्टी आहे.

आता समजा, ही धावपट्टी म्हणजे एक सरकता पट्टा आहे. विमान जितक्या वेगाने पुढे जाईल, तितक्याच वेगाने पट्टा मागे सरकतो. विमान उडेल का?

बहुतेकांना वाटतं, ट्रेडमिलवरच्या माणसासारखं ते जागीच राहील. पण आपण पायांनी पट्टा मागे रेटतो, मोटार चाकांनी रस्ता रेटते. विमानाची चाकं उड्डाणाच्या वेळी मोकळी फिरतात, इंजिन रेटतं ते हवेला. चाकांचे स्केट घालून ट्रेडमिलवर उभे राहा आणि समोरच्या भिंतीला बांधलेली दोरी ओढा. पट्टा मागे पळत असला तरी तुम्ही पुढेच सरकाल!

उड्डाणाला ताशी २५० किलोमीटर वेग लागत असेल, तर चाकं ५०० च्या वेगाने फिरतील, एवढाच फरक. विमान उडेल, आणि धावपट्टीही जवळपास तेवढीच लागेल. प्रत्यक्षात भीती टायरांची. अनेक जेट विमानांचे टायर ताशी सुमारे ३६० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठीच बनवलेले असतात.

पंखांना जमिनीचा वेग कळत नाही, हवेचा कळतो. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवर २१० चा वेगही पुरतो. म्हणून धावपट्टी खरोखर वाचवतो तो वारा, आणि म्हणूनच वैमानिक शक्यतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात.