प्रकाशाची जागा

परभणीहून मनमाडच्या दिशेने निघालेली गाडी शहराची वस्ती मागे टाकून काळ्या जमिनीच्या मुलखात शिरली, की थोड्याच वेळात पेडगावचे स्टेशन येते. म्हणीमुळे आणि बहादूरगडामुळे ज्याचे नाव महाराष्ट्रभर झाले ते पेडगाव भीमेकाठी, श्रीगोंदे तालुक्यात; हे परभणीचे पेडगाव कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ह्यांवर जगणारे, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेले. लग्नसराईत अशा गावी लग्न बहुधा दारापुढच्या मांडवातच लागते, आणि मुहूर्त गोरज असला म्हणजे वधूवरांमध्ये अंतरपाट धरला जाण्याच्या सुमारास सूर्य मावळलेला, आकाश अजून निळसर, मांडवातल्या दिव्यांचा उजेड पिवळा आणि अपुरा, आणि अक्षता मुठीत घेऊन उभ्या असलेल्या वऱ्हाडाची गर्दी चहूबाजूंनी दाटलेली, अशी स्थिती असते. शेवटचे ‘सावधान’ होऊन अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते, अक्षता उडतात, आणि ज्या नजरानजरेसाठी छायाचित्रकाराला मुद्दाम बोलावलेले असते ती दोन-चार क्षणांत होऊन जाते. ती पुन्हा घडवून आणता येत नाही.

ह्या क्षणासाठी गावोगावच्या छायाचित्रकारांनी वर्षानुवर्षे एकच उपाय केला: फ्लॅश कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवायचा, समोर रोखायचा आणि बटण दाबायचे. चित्र निघते, माणसे ओळखू येतात, अल्बम भरतो. परंतु तो अल्बम पुढे कधी निवांतपणे उघडून पाहिला, म्हणजे आपल्या घरात वावरणाऱ्या माणसांचे हे चेहरे नव्हेत असे मनात आल्यावाचून राहत नाही. नाकाची उंची, गालाचा उतार, डोळ्यांची खोली हे सारे थापलेल्या भाकरीसारखे सपाट होऊन जाते. हळदीने उजळलेली सावळी कांती पांढुरकी पडते. बुबुळांत तांबडे ठिपके उमटतात, कारण भिंगाच्या अगदी निकटून निघालेला प्रकाश डोळ्याच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अंतःपटलावर आदळून आल्या वाटेने थेट भिंगात परततो. आणि वधू पुढे लख्ख उजळली असता तिच्या पाठीशी उभा असलेला मामा मात्र अंधारात बुडतो. दोन मीटरांवर जेवढा प्रकाश पडतो त्याचा चौथा हिस्साच चार मीटरांवर पोहोचतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे आणि त्याला मांडवातही अपवाद नाही. ह्या साऱ्या दोषांचे मूळ शोधू गेल्यास ते एकाच ठिकाणी सापडते: प्रकाश जिथे उभा राहावयास हवा तिथे तो उभा नाही.

मनुष्याच्या डोळ्यांतून प्रकाश निघत नाही. सूर्य वरून आणि एका अंगाने येतो, चुलीचा जाळ खालून येतो, खिडकीचा उजेड कुशीवर पडतो. आणि सावली कोठे पडली ह्यावरून मन वस्तूचा आकार वाचीत असते. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जे जलरंगांतील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, त्यापुढे माणसे थबकून उभी राहतात. त्या चित्रातील सारा प्रकाश तिच्या हातातल्या ज्योतीतून येतो, आडोशाला धरलेल्या बोटांतून तो तांबूस होऊन झिरपतो, आणि पाहणाऱ्याच्या बाजूने त्या आकृतीवर एक किरणही जात नाही. हळदणकरांनी तोच दिवा पाहणाऱ्याच्या कपाळावर बांधला असता तर ते चित्र उरलेच नसते, असे मला निश्चयाने वाटते.

जुन्या छायाचित्रकारांना हे तत्त्व पुरतेपणी अवगत होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांनी ज्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब बहाल केला, त्या राजा दीनदयाळांच्या काळी स्टुडिओतला मुख्य दिवा म्हणजे सूर्यच असे. काचेच्या तावदानांतून येणारा त्याचा उजेड पडद्यांनी आवरून, वळवून, हवा त्या गालावर घेतला जाई. पुढे १८८७ साली जर्मनीत मीटे आणि गेडिके ह्यांनी मॅग्नेशियमची पूड क्लोरेटाशी मिसळून तत्क्षणी पेटणारी भुकटी सिद्ध केली, १९३० च्या सुमारास तोच जाळ काचेच्या बल्बमध्ये बंद झाला, आणि त्याच दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन ह्यांनी विद्युत्स्फुरणाचा दिवा उपयोगात आणून दाखविला, ज्याच्या वंशातले आजचे कॅमेऱ्यांचे फ्लॅश आहेत. चार सेलांची क्षीण वीज आत शेकडो व्होल्टांपर्यंत चढवून कपॅसिटरमध्ये साठविली जाते. झेनॉन वायू भरलेल्या नळीला क्षणमात्र काही हजार व्होल्टांचा धक्का बसला, की तो वायू वीज वाहू लागतो आणि सारा साठा एका लखलखाटात रिता होतो. पूर्ण शक्तीवर हा लखलखाट सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा टिकतो. शक्ती कमी करीत गेले, की तो आणखी आखूड होत वीस-तीस हजाराव्या भागापर्यंतही उतरतो.

दिवा लहान झाला, सेलांवर चालू लागला, मग तो कॅमेऱ्यापासून दूर का नेऊ नये? अडचण वेळेची होती. कॅमेऱ्याचा पडदा पूर्ण उघडा असतो तो काळ अत्यल्प, आणि त्या काळातच फ्लॅश पेटला पाहिजे; म्हणून दोघांमध्ये कोणीतरी निरोप्या हवा. प्रथम हे काम तारेने केले. तार विश्वासू खरी, परंतु तिची लांबी दोन-चार मीटरांची, आणि लग्नाच्या गर्दीत ती कोणाच्या तरी पायात अडकून दिव्यासकट स्टँड कोसळणे हे ठरलेलेच. नंतर प्रकाशानेच प्रकाशाला जागविण्याची युक्ती निघाली: दूरच्या फ्लॅशला एक डोळा बसवायचा, आणि कॅमेऱ्यावरचा लहानसा फ्लॅश चमकला की त्याने तो पाहून स्वतः पेटायचे. बंद खोलीत ही योजना आजही उत्तम चालते. मांडवात मात्र वधूच्या भावाने आपल्या कॅमेऱ्याने फोटो काढला तरी तो दिवा पेटतो, उन्हात त्याचा डोळा दिपतो, आणि मध्ये कोणी उभे राहिले तर त्याला काही दिसतच नाही.

ह्या अडचणीतून सोडविणारा निरोप्या रेडिओलहरींचा, आणि त्याची पूर्वपीठिका आपल्याच देशात आहे. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस ह्यांनी अदृश्य विद्युच्चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. कोणतीही तार न जोडता दूर ठेवलेली ठिणगी आपल्या इच्छेच्या क्षणी पडावी, हेच त्या प्रयोगाचे मर्म, आणि परभणीच्या बाजारात मिळणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या रेडिओ ट्रिगरचेही मर्म तेच आहे.

ट्रिगरचे दोन भाग असतात. एक कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत, म्हणजे हॉट-शूमध्ये बसतो. दुसरा, रिसिव्हर, दूरच्या फ्लॅशच्या तळाशी जोडलेला असतो किंवा आजकाल फ्लॅशच्या पोटातच असतो. पडदा पूर्ण उघडला, की कॅमेरा हॉट-शूमधील संपर्क जोडतो. ट्रिगर तत्क्षणी सांकेतिक संदेश लहरींवरून सोडतो. रिसिव्हर आपला संकेत ओळखतो आणि फ्लॅश पेटवितो. तीस मीटर अंतर तोडावयास लहरीला सेकंदाचा एक कोटावा भागच लागतो, त्यामुळे जो काही विलंब होतो तो यंत्राच्या आतील हिशेबाचा, वाटेचा नव्हे. बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, आणि ह्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना भारत सरकारने २००५ च्या नियमांनी परवान्याच्या अटीतून मुक्त केल्यामुळे गावच्या छायाचित्रकाराला कोणत्याही कचेरीत अर्ज घेऊन जावे लागत नाही. ह्याच पट्ट्यात वाय-फाय आणि ब्लूटूथही नांदतात. म्हणून ट्रिगरवर चॅनेल निवडण्याची सोय असते, आणि एकाच मांडवात दोन छायाचित्रकार आले तर त्यांनी आधीच भेटून आपापले चॅनेल ठरवून घ्यावेत हे बरे, नाहीतर एकाच्या बटणावर दुसऱ्याचे दिवे पेटतात. ह्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, आणि पाण्याने भरलेली मनुष्यदेहांची दाट गर्दी तिला बरीच शोषून घेते. स्टँड माणसांच्या डोक्यांवर चढविला, की निरोपही सुखरूप पोहोचतो आणि प्रकाशही सूर्यासारखा वरून येतो.

जुने फ्लॅश बाळगणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच करतो. कित्येक जुन्या फ्लॅशांच्या संपर्कावर शंभर-दोनशे व्होल्टांचा दाब असतो, आणि तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढविल्यास कॅमेऱ्याच्या आतले नाजूक मंडल जळण्याचा संभव असतो. मध्ये रेडिओ ट्रिगर आला, की तो दाब कॅमेऱ्यापर्यंत येतच नाही. मात्र रिसिव्हरला तो सोसतो की नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

नव्याने ट्रिगर घेणाऱ्याचा बहुधा पहिल्याच दिवशी घोटाळा होतो तो पडद्याच्या वेगाचा. बहुतेक कॅमेऱ्यांत दोन पडदे एकामागून एक धावतात, आणि सेकंदाच्या दोनशेव्या वा अडीचशेव्या भागापर्यंतच असा एक क्षण मिळतो, की ज्या वेळी सबंध चौकट उघडी असते. त्याहून वेग वाढविला, की पहिला पडदा पुरता सरकण्याआधीच दुसरा निघतो, उघडी असते ती केवळ एक फट, आणि चित्राचा एक पट्टा काळा येतो. पुष्कळजण अशा वेळी ट्रिगरला दोष देतात. तो निर्दोष असतो. फार वेगाचे बारीक स्पंद देऊन ही मर्यादा ओलांडणारे फ्लॅश आता मिळतात, परंतु त्यात शक्तीचा मोठा अपव्यय होतो, आणि संध्याकाळच्या लग्नात त्याची गरजही पडत नाही. उलट ह्या मर्यादेच्या आत एक मोलाची सवलत दडलेली आहे. लखलखाट इतका आखूड असतो, की पडदा साठाव्या भागाएवढा उघडा राहो वा दोनशेव्या, फ्लॅशचा प्रकाश तेवढाच येतो. त्याला आवरते ते भिंगाचे छिद्र. आकाशाची निळाई आणि मांडवातल्या दिव्यांचा उजेड मात्र पडदा जितका अधिक वेळ उघडा, तितका अधिक साचतो. अर्थात, चेहऱ्यावरचा प्रकाश छिद्राने आणि भोवतालचा उजेड पडद्याने, असे दोन्ही स्वतंत्रपणे राखता येतात.

आता पुन्हा मांडवात येऊ. एक फ्लॅश वधूवरांच्या पुढे डाव्या अंगाला, दहा फूट उंचीच्या स्टँडवर, पांढऱ्या छत्रीतून गाळून घेतलेला. त्यावर पिवळ्या दिव्यांशी जुळेल असा फिका नारिंगी पारदर्शक कागद लावलेला, नाहीतर चेहरे निळसर आणि मांडव पिवळा अशी फारकत दिसते. छतावर प्रकाश आपटून घेण्याची शहरी युक्ती येथे चालत नाही, कारण मांडवाचे कापड तांबडे-पिवळे असते आणि तो रंग जसाच्या तसा चेहऱ्यांवर उतरतो. दुसरा फ्लॅश वधूवरांच्या मागे उजव्या कोपऱ्यात, उघडाच, पहिल्याहून मंद. ट्रिगरच्या स्क्रीनवर पहिला दिवा ‘ए’ गटात १/८ शक्तीवर आणि दुसरा ‘बी’ गटात १/१६ वर लावलेला. गर्दीतून स्टँडपर्यंत न जाता दोहोंची शक्ती कॅमेऱ्याजवळूनच कमीजास्त करता येते. कॅमेऱ्याने स्वतःच प्रकाश मोजून शक्ती ठरविण्याची सोयही असते, पण एका चौकटीत पांढरे फेटे आणि दुसऱ्या चौकटीत गर्द शालू आला, की तो हिशेब डळमळतो. जेथे वधूवर जागचे हलणार नाहीत आणि दिवेही हलणार नाहीत, तेथे शक्ती एकदा हाताने ठरवून द्यावी हे मी अधिक भरवशाचे मानतो. शिवाय शक्ती अल्प ठेवली, की कपॅसिटर पुरता रिता होत नाही, आणि एकापाठोपाठ सहा-सात चित्रे घेतली तरी दिवा मागे पडत नाही.

‘सावधान’ होते आणि अंतरपाट दूर होतो. पुढचा दिवा वधूच्या गालावरून तिरपा उतरून हनुवटीखाली सौम्य सावली ठेवतो, मुंडावळ्यांचा प्रत्येक मणी आपल्या गोलाईसह दिसतो, आणि सावळा वर्ण सावळाच राहून तेजस्वी दिसतो. मागचा दिवा तिच्या केसांची कड अंधारापासून सोडवितो, मामाच्या फेट्याला आणि खांद्याला उजेडाची रेघ देतो, आणि हवेतल्या अक्षतांना मागून भेदतो; समोरच्या फ्लॅशमध्ये जे तांदूळ केवळ पांढरे डाग म्हणून उमटले असते, ते आता कुंकवाच्या रंगासह, एकेक दाणा सुटा, जागच्या जागी थांबलेले असे येतात. हे दृश्य त्या मांडवात खरोखरच घडलेले असते, आणि ज्या कुटुंबाने वर्षभराच्या पिकातून ह्या दिवसासाठी पैसा बाजूला काढला त्याला आपल्या माणसांची अशी यथार्थ रूपे मिळावीत, हा मला त्याचा हक्क वाटतो. ती मिळवून देण्याचे साधन आता मोठ्या शहरातल्या स्टुडिओपुरते उरलेले नाही.

लग्नाखेरीज आणखी एका कामी हा ट्रिगर मराठवाड्यात फार उपयोगाचा आहे. जिंतूर तालुक्यातले चारठाणे, गंगाखेड तालुक्यातले गोदाकाठचे धारासूर, अशी जुन्या मंदिरांची आणि शिल्पांची कितीतरी स्थळे परभणी ह्या एका जिल्ह्यात आहेत, आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी आढळणाऱ्या झिजलेल्या शिलालेखांची, वीरगळांची नोंद करणारे हौशी अभ्यासकही वाढत आहेत. संरक्षित वास्तूत आवश्यक ती परवानगी घेऊनच हे काम करावे, आणि अजिंठ्यासारख्या रंगीत भित्तिचित्रांपुढे फ्लॅशला मनाईच आहे, ती पाळावी. उघड्यावरच्या दगडाला मात्र ह्या प्रकाशाने अपाय होत नाही. लेखावर समोरून उजेड टाकला तर दगड कोरा दिसतो. कॅमेरा तिपाईवर लेखासमोर स्थिर ठेवावा, टायमर लावावा, आणि फ्लॅश हातात घेऊन दगडाच्या पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर, एका कडेने धरावा. मग पुसट झालेल्या खोदकामाच्या प्रत्येक काठाला सावली पडते. पूर्वी ह्यासाठी दोन माणसे आणि लांब तार लागे, आता एकट्याने भागते. देवनागरी लेखाच्या बाबतीत एकच चित्र पुरेसे होत नाही, कारण उजेड डावीकडून आला म्हणजे काना आणि दंड यांसारख्या उभ्या रेघा उठून दिसतात, तर शिरोरेघेसारख्या आडव्या रेघा वरून आलेल्या उजेडातच सापडतात. म्हणून कॅमेरा तसूभरही न हलविता निदान डावीकडून, वरून आणि तिरकस अशी तीन चित्रे घ्यावीत आणि ती शेजारीशेजारी ठेवूनच ओळ लावावी.