जुन्या कंप्रेसरमधील ‘मूळ’ कोणते?

गायकाने मध्येच आवाज चढवला, की ध्वनीची पातळी आपोआप आवरून धरणारे यंत्र म्हणजे कंप्रेसर. ट्रान्झिस्टर रुळण्यापूर्वी हे काम व्हॅक्यूम ट्यूब करीत. अमेरिकी बनावटीच्या ‘फेअरचाइल्ड ६७०’मध्ये तर तब्बल २० ट्यूब होत्या.

अशा यंत्रांच्या दुरुस्तीत प्रथम बदलावे लागतात ते कपॅसिटर. त्यांतील इलेक्ट्रोलाइट कालांतराने सुकते आणि गुणगुण ऐकू येऊ लागते. (यंत्र बंद केल्यावरही त्यांत शेकडो व्होल्टचा दाब साठून राहू शकतो, हौशी मंडळींनी झाकण न उघडलेलेच बरे.) ट्यूबचे दुखणे अधिक अवघड. फेअरचाइल्डमधील ६३८६ या ट्यूबच्या दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर पातळी खाली येताना ‘धप्प’ असा आवाज ध्वनिमुद्रणात शिरतो. जुन्या साठ्यातील या ट्यूब आता दुर्मीळ व महाग आहेत.

खरा पेच आहे तो फेरफारांचा. ईएमआय कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९६०च्या सुमारास अमेरिकेतील ‘ऑल्टेक ४३६ बी’ कंप्रेसर घेऊन त्यांची अंतर्गत रचना बदलली. त्यातून ‘आरएस १२४’ घडला आणि लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत बीटल्सच्या ध्वनिमुद्रणासाठी वापरला गेला. असे यंत्र आज ऑल्टेकच्या मूळ आराखड्याबरहुकूम ‘पूर्ववत’ केले, तर त्याचे सारे महत्त्वच पुसले जाईल. त्यामुळे सोल्डरिंगला हात घालण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचे छायाचित्र घ्यावे, काढलेले भाग यंत्रासोबतच जपावेत आणि नवा बदल पुन्हा काढून टाकता येईल असाच करावा.