चार, आठ, सोळा आणि मागे येणारी तार

हुबळीच्या दाजीबानपेठेत तुळजाभवानीचं देऊळ आहे. नवरात्र असो वा गणपती, लाउडस्पीकरशिवाय पेठेचा उत्सव होत नाही. पण हुबळी-धारवाडचा कान नुसत्या मोठ्या आवाजावर भागणारा नाही. सवाई गंधर्व शेजारच्या कुंदगोळचे, गंगूबाई हनगलांचं घर हुबळीतच आणि धारवाडचं आकाशवाणी केंद्र १९५० पासून सुरू. अशा गावात अँप्लिफायरची परीक्षा दोन गोष्टी घेतात: तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याचा डग्गा. जवारीत मूळ स्वरावर चढणारे सूक्ष्म स्वर असतात. यंत्राने त्यात स्वतःचे मिसळले की तंबोरा पत्र्यासारखा वाजतो. डग्ग्याचा घुमारा वेळेवर थांबला नाही, तर ठेका चिखलात रुततो.

जुन्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या मागच्या बाजूला बहुधा एक गोल स्विच असतो. त्यावर आकडे ४, ८, १६. हे स्पीकरचे ओहम. ईएल-८४ सारख्या दोन पेंटोड व्हॉल्व्हच्या जोडीला साधारण ८००० ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. हे हजारपटींचं अंतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर भरून काढतो. त्यातला भार वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो, म्हणून वेढ्यांचं गुणोत्तर सुमारे ३२ ला १ ठेवलं की काम होतं. आज १६ ओहमचा कर्णा, उद्या ४ ओहमचा डबा असं चालणार असेल, तर सेकंडरीला, म्हणजे स्पीकरकडच्या वेढ्यांना, तीन टॅप (फाटे) काढतात. स्विच फिरवला की स्पीकर बदलूनही व्हॉल्व्हवरचा भार तोच राहतो.

पेंटोडचा दोष असा, की स्पीकरच्या हालचालीवर त्याचा ताबा कमी. खालच्या पट्टीत स्पीकरचा कोन स्वतःच्या लयीत झुलू लागला, तर त्याला आवरणारं कोणी नसतं. डग्गा फुगतो तो इथे. त्यावरचा उपाय १९२७ सालचा. बेल लॅबचे हॅरल्ड ब्लॅक २ ऑगस्टला फेरीबोटीतून हडसन ओलांडून कामावर निघाले होते. वाटेत सुचलेली मांडणी त्यांनी हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच लिहून काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश आत परत आणायचा आणि मूळ आवाजातून वजा करायचा, ही ती फीडबॅकची कल्पना. यंत्राने पदरची जी भर घातली असेल, ती त्या वजाबाकीत बरीचशी छाटली जाते. त्यासाठी वर्धनाचा बळी द्यावा लागतो. ब्लॅकना पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. १९४७ मध्ये विल्यमसन यांनी वायरलेस वर्ल्ड मासिकात अँप्लिफायरचा जो आराखडा दिला, त्यात हा फीडबॅक ट्रान्सफॉर्मरलाही वेढून घेतो आणि त्याचं प्रमाण २० डेसिबल आहे.

प्रत्यक्षात लागते एक तार आणि दोन रेझिस्टर. सेकंडरीचं एक टोक जमिनीला जोडायचं. दुसऱ्या बाजूने एक रेझिस्टर पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडकडे न्यायचा आणि कॅथोडखाली लहानसा रेझिस्टर ठेवायचा. समजा वरचा १००० ओहम आणि खालचा १०० आहे. म्हणजे बाहेरचा अकरावा हिस्सा परत येतो. फीडबॅकविना वर्धन १०० असेल तर ते सुमारे १० वर येतं. २० डेसिबल म्हणतात ते हेच. व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेत चालत असतील, तर विकृतीही सुमारे दहाव्या हिश्शावर येते.

खरा पेच यापुढे आहे. ही तार स्विचच्या फिरत्या टोकाला जोडली तर? त्याच वॅटला ४ ओहमच्या टॅपवर जितके व्होल्ट असतात, त्याच्या दुप्पट १६ च्या टॅपवर असतात. १० वॅटला ४ वर ६.३, ८ वर ८.९ आणि १६ वर १२.६. त्यामुळे फीडबॅक अनुक्रमे १७, २० आणि २३ डेसिबलच्या आसपास होतो. गोळाबेरीज अशी, की स्पीकर बदलायला फिरवलेला स्विच अँप्लिफायरचा स्वभावही बदलून जातो. ४ वर त्याची पकड सैल पडते आणि १६ वर तो ऐकू न येणाऱ्या उंच कंपनात शिरण्याची भीती असते.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, फीडबॅकची तार कायम १६ च्या टॅपला जोडायची, स्पीकर कुठेही असो. यात फीडबॅकला स्विचचा हातच लागत नाही. उणीव एवढीच, की स्पीकर ज्या वेढ्यांवर आहे नेमक्या त्याच वेढ्यांवर फीडबॅकची नजर नसते. दुसरी वाट म्हणजे स्विचच्या आणखी एका पट्टीवर रेझिस्टरही बदलायचा: ४ ला ६८०, ८ ला १०००, १६ ला १५०० ओहम. बाजारात मिळणारे हे आकडे वर्गमूळ दोनच्या पटीत जवळजवळ बसतात. मात्र रेझिस्टरवर छोटा कपॅसिटर असेल तर तोही बदलावा लागतो, आणि स्विचचा संपर्क क्षणभर तुटला तर वर्धन एकदम दहापट उसळतं.

टॅपच्या निवडीने फीडबॅक किती बदलतो, हे लंडनच्या मार्शल अँप्लिफायरमध्ये दिसतं. १९६२ मध्ये फेंडर बॅसमन या अँप्लिफायरवरून तो बेतला गेला. मूळ यंत्रात २७ हजार ओहमचा रेझिस्टर २ ओहमच्या आउटपुटला होता. तोच मार्शलमध्ये १६ ओहमच्या टॅपवर आला. परत येणारे व्होल्ट जवळजवळ तिप्पट झाले.

काम करणाऱ्याने घाई करू नये. आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. ते आधी रिकामे करावेत. चाचणीला स्पीकरऐवजी जास्त वॅटचा रेझिस्टर लावावा. तार जोडताच आवाज उतरला तर दिशा बरोबर आहे. किंचाळला तर ताबडतोब बंद करून ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटकडच्या दोन तारांची अदलाबदल करावी. स्विच चालू यंत्रावर फिरवू नये, कारण फिरवताना भार क्षणभर तुटू शकतो आणि भाराविना ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी उडू शकते. शेवटी ऑसिलोस्कोपवर चौकोनी लहर तिन्ही जागी पाहावी.

मंडपासाठी भाड्याने फिरणाऱ्या यंत्राला मी पहिली वाट सुचवेन. तिथे स्विच कोण, कधी फिरवील याचा भरवसा नसतो; फीडबॅक त्या हातावर सोपवू नये. घरच्या बैठकीत एकच स्पीकर असेल तर स्विच हवाच कशाला? योग्य टॅपला तार पक्की झाळावी, रेझिस्टर त्या टॅपचा निवडावा आणि डग्गा ऐकून खात्री करावी.