गाडीतले मायक्रोटेस्ला

विजेवर धावणाऱ्या वाहनांच्या चुंबकीय क्षेत्राची धास्ती मुंबईत सगळ्यात आधी घेतली ती कुलाबा वेधशाळेने. 1841 पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार हे दिसू लागलं, तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं, की रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह आपल्या नाजूक चुंबकसुया बिघडवणार. 1904 मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, दोन वर्षं दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवून ताडल्या गेल्या, आणि 7 मे 1907 रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा काम अलिबागेत स्थिरावलं होतं. आज तीच धास्ती माणसाच्या अंगाने व्यक्त होते. ग्रँड व्हिटारा, हायरायडर, हायक्रॉस, होंडा सिटी अशा हायब्रिड गाड्या अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दिसू लागल्या आहेत. गाडीत मोठी बॅटरी, पायाखालून जाणारी केबल, आणि हायवेवर रोज दोन-दोन तास त्यात बसून राहायचं. गरोदर बाईला, लहान मुलाला याचा काही अपाय तर नाही ना? प्रश्न रास्त आहे. पण तो 'आहे की नाही' असा विचारला की उत्तर चुकतं. किती, कोणत्या प्रकारचं आणि किती अंतरावर, असा विचारला की उत्तर मिळतं, आणि ते बहुतेकांना अपेक्षित असतं त्याहून वेगळ्या दिशेला नेतं.

उपनगरांत ही भीती आली ती मोबाइल टॉवरच्या वाटेने. गच्चीवर टॉवर बसवू द्यायचा की नाही यावरून सोसायट्यांच्या सभांत किती भांडणं झाली असतील, त्याला गणती नाही. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक गिरीश कुमार यांनी टॉवरच्या किरणोत्साराविषयी सतत इशारे दिले, आणि केंद्र सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढीच मर्यादा लागू केली. तो वाद वेगळा आणि तो इथे आणला की गोंधळ वाढतो. टॉवरच्या लहरी सेकंदाला सत्तर कोटी किंवा त्याहून जास्त वेळा कंप पावतात. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा. हायब्रिड गाडीतलं क्षेत्र साधारण घरच्या विजेच्या कुळातलं, काही कंपनांपासून काही हजार कंपनांपर्यंतचं. एक्स-रेसारखी पेशींतले रेणू तोडण्याची ताकद यांतल्या कशातच नाही. 'रेडिएशन' या एकाच शब्दाच्या गाठोड्यात सगळं बांधून ठेवल्यामुळे माणसं गाडीच्या केबलला एक्स-रे मशीनच्या पंगतीला बसवतात.

हायब्रिड गाडीत नेमकं काय चालतं ते जरा जवळून पाहू. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये सुमारे 178 व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी डिकीच्या तळाशी असते. तिथून नारिंगी आवरणाच्या दोन जाड केबल गाडीच्या पोटाखालून पुढे इन्व्हर्टरकडे जातात, इन्व्हर्टर त्या एकदिश प्रवाहाचा तीन फेजचा प्रवाह करतो आणि मोटर फिरवतो. ब्रेक दाबला की मोटर उलट जनित्र होते आणि प्रवाह मागे बॅटरीत जातो. प्रवाह जिथे वाहतो तिथे चुंबकीय क्षेत्र आलंच. पण जाणारी आणि परतणारी केबल एकमेकींना चिकटून नेली, की दोघींची क्षेत्रं बरीचशी एकमेकांना पुसून टाकतात, आणि उरलेलं अंतराबरोबर झपाट्याने विरतं. म्हणून ते पायाशी जास्त, मांडीपाशी कमी आणि डोक्यापाशी जवळपास नाहीच, असं असतं. जोरात पिकअप घेताना, ब्रेक मारताना, गाडी चालू करताना ते क्षणभर उसळतं. यात एक गंमत आहे, जी पेट्रोलवाल्यांना सहसा ठाऊक नसते. टायरच्या रबरात पोलादी तारांची जाळी असते, ती थोडीफार चुंबकित झालेली असते, आणि चाक फिरलं की तेही कमी कंपनांचं बदलतं चुंबकीय क्षेत्र होतं. म्हणजे ज्या गाडीत चाकं फिरवणारी विजेची मोटर नाही, त्या साध्या पेट्रोल गाडीतही मागच्या सीटवर बसलेल्याच्या पायांना थोडे मायक्रोटेस्ला मिळतच असतात.

आता आकडे. चुंबकीय क्षेत्र मायक्रोटेस्लात मोजतात. मुंबईत पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे, पण ते स्थिर. शरीरात प्रवाह उत्पन्न करतं ते बदलतं क्षेत्र, म्हणून ही तुलना अर्धीच खरी. बदलत्या क्षेत्राची कल्पना यायची तर पुन्हा कुलाब्याकडे जावं लागतं. सप्टेंबर 1859 मध्ये आलेलं सौर चुंबकीय वादळ हे नोंदलं गेलेलं सगळ्यात तीव्र वादळ मानतात. त्या वेळी कुलाब्याच्या नोंदीत सुमारे 1600 नॅनोटेस्लाची, म्हणजे 1.6 मायक्रोटेस्लाची घसरण दिसली. बदल फार संथ, पण अनेक ठिकाणच्या तारयंत्रणा त्या वादळाने कोलमडल्या होत्या. धावत्या गाडीत पायाशी काही वेळा एवढं क्षेत्र सहज भरतं आणि काचेबाहेरचं जग जागचं हलत नाही, कारण तिथे ते हातभर जागेत कोंडलेलं असतं. अशा क्षेत्रांच्या मर्यादा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची सर्वसामान्य लोकांसाठीची 2010 ची मर्यादा 50 कंपनांच्या क्षेत्राला 200 मायक्रोटेस्ला आहे. नॉर्वेच्या सिन्टेफ संस्थेच्या सहभागाने युरोपात विजेच्या अनेक गाड्या मोजल्या गेल्या, तेव्हा सगळीकडचे आकडे मर्यादेच्या 20 टक्क्यांच्या आत आणि डोक्याच्या उंचीवर 2 टक्क्यांच्याही आत निघाले. तुलनेला ठेवलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत ते 10 टक्क्यांच्या आसपास होते. जर्मनीच्या किरणसंरक्षण कार्यालयाने 2025 मध्ये हायब्रिडसह अनेक गाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही ठिकाणी क्षणभराच्या मोठ्या उसळ्या दिसल्या, हे त्यांनी लपवलं नाही. पण शरीरात त्यातून किती विद्युतक्षेत्र निर्माण होतं याचा हिशेब केला, तेव्हा ते सुरक्षित मर्यादेतच भरलं.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल, आणि ती हरकत भक्कम आहे. 200 ची मर्यादा मज्जातंतूंना तत्काळ होणाऱ्या उत्तेजनेवरून ठरवलेली आहे. वीस वर्षांनी काय होईल त्याबद्दल ती काही सांगत नाही. 1979 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये वीजवाहिन्यांजवळ राहणाऱ्या मुलांतल्या रक्ताच्या कर्करोगाविषयी पहिला अभ्यास आला. 2000 साली अनेक देशांचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा घरातलं सरासरी क्षेत्र 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर असलेल्या थोड्या मुलांमध्ये ल्युकेमियाचं प्रमाण जास्त दिसलं. त्यावरूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये या क्षेत्रांना '2 ब', म्हणजे कदाचित कर्करोगकारक, या गटात टाकलं. ते का व्हावं याची जैविक यंत्रणा अजून कुणाला दाखवता आलेली नाही, आणि ज्यांच्या घरात इतकं क्षेत्र आहे अशी मुलं मुळात थोडी असल्याने योगायोग आणि इतर कारणं पूर्ण वगळता येत नाहीत. तरी संबंध मानूनच चालू. तो आकडा दिवसरात्रीच्या सरासरीचा आहे. मुलगा रोज दोन तास 1 मायक्रोटेस्लात बसला, तर चोवीस तासांत त्याचा वाटा 0.08 पडतो. पलंगाच्या उशाशी भिंतीपलीकडे इमारतीचा मीटरबोर्ड किंवा सबस्टेशन असेल, तर आधी तिकडे बघावं.

दुसरी हरकत मुंबईलाच साजेशी. लोकलचं काय? 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. 2012 पर्यंत पश्चिम आणि नंतरच्या काही वर्षांत मध्य रेल्वेवर 1500 व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन डोक्यावरच्या तारेत 25 हजार व्होल्टचा, 50 कंपनांचा प्रवाह आला. सिमेन्सच्या रेकमध्ये तीन फेजच्या मोटारी आहेत, ब्रेक लावला की वीज परत तारेत जाते. थोडक्यात, हायब्रिडची तीच कला मोठ्या अंगाने. घाटकोपर-मुलुंडचा माणूस रोज तिच्यात उभा असतो आणि मोटार घेताना मात्र घाबरतो. 'लोकलने काही झालं नाही म्हणून काही होत नाही' हा मात्र पुरावा नव्हे. पुरावा हवा तर तो स्वित्झर्लंडच्या रेल्वेतला आहे. तिथे वीस हजारांवर कर्मचाऱ्यांचा 1972 ते 2002 पर्यंत पाठपुरावा केला गेला. चालकांना सरासरी 21 मायक्रोटेस्ला, स्टेशनमास्तरांना 1. मेंदूच्या गाठींत फरक नाही. ल्युकेमियाच्या एकत्रित आकड्यातही स्पष्ट वाढ नाही. पण त्यातल्या एका उपप्रकारात चालकांचं प्रमाण जास्त दिसलं, अगदी थोड्या रुग्णांवरून. एवढ्यावरून क्षेत्राला निर्दोष म्हणणं घाईचं ठरेल, आणि दोषी म्हणणंही. वर्षानुवर्षं रोजच्या रोज हायब्रिडच्या कितीतरी पट क्षेत्रात काम करणाऱ्यांत जर इतकंच धूसर काही सापडत असेल, तर गाडीतल्या प्रवाशाचा धोका असलाच तर किती बारीक असेल, याचा अंदाज येतो.

आता त्याच कर्करोग संस्थेची दुसरी पानं उलटू. डिझेलचा धूर 2012 मध्ये आणि बाहेरच्या हवेचं प्रदूषण 2013 मध्ये गट 1 मध्ये, म्हणजे कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्यांत गेलं. हे गट पुराव्याची खात्री सांगतात, धोक्याचा आकार नव्हे. पण हवेच्या बाबतीत आकारही मोठा आहे, आणि त्यात हृदयविकार व दमा वेगळे. दहिसर टोलनाक्यापासून वांद्र्यापर्यंत, किंवा एलबीएस मार्गावर मुलुंडहून घाटकोपरला येताना, पुढच्या टेम्पोचा धूर काच बंद असूनही एसीच्या वाटेने आत येतो. सिग्नलला आणि मुंगीच्या पावलाने सरकताना हायब्रिडचं इंजिन बऱ्याचदा बंद असतं, म्हणजे ज्या क्षणी बाजूचा रिक्षावाला आणि पदपथावरची आई-मुलं सगळ्यात जवळ असतात त्याच क्षणी ती धूर सोडत नाही. ती पेट्रोल जाळतेच, टायर-ब्रेकची धूळही उडवते. तिला पुण्यवान ठरवायची गरज नाही. पण आरोग्याच्या कारणाने ती नाकारून डिझेल घेणारा माणूस संशयिताला टाळून गुन्हेगाराला घरी आणतो.

खरी काळजी कुणी घ्यायची? पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेल्यांनी, तीही मर्यादित. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने टोयोटा प्रियस हायब्रिडमध्ये डिफिब्रिलेटरवाल्या 30 जणांना वेगवेगळ्या जागी बसवून, वेगवेगळ्या वेगाने तपासलं. म्युनिकमध्ये विजेच्या चार गाड्यांत 108 जणांची तपासणी झाली. यंत्रांत बिघाड आढळला नाही. तरी चावीविना दार उघडणाऱ्या यंत्रणेच्या अँटेनापासून छाती वीतभर दूर ठेवावी आणि इंजिन चालू असताना बॉनेटवर ओणवं होऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत अँटेनाच्या जागा दिलेल्या असतात. त्याहून ठोस धोका क्षेत्राचा नाहीच, विजेच्या झटक्याचा आहे. जुलैत अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी भरलं आणि गाडी अडकली, तर बाहेर पडावं, नारिंगी केबलला हात लावू नये, आणि गल्लीतल्या मेकॅनिकलाही लावू देऊ नये.

मोबाइलवरच्या 'ईएमएफ मीटर' ॲपवर विसंबून गाडी परत करायला निघालेल्यांसाठी एवढंच, की ते फोनमधल्या होकायंत्राचा सेन्सर वाचतं. तो मुख्यतः पृथ्वीचं आणि गाडीच्या पत्र्याचं स्थिर क्षेत्र दाखवतो, इन्व्हर्टरची झटपट कंपनं त्याला नीट पकडता येत नाहीत. डॅशबोर्डवर चिकटवायच्या 'अँटी-रेडिएशन' चिपबद्दल बोलायला नको; 2020 मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाने शेणाचीही तशी चिप पुढे आणली होती, तिथेच तो विषय पूर्ण झाला. मोजमाप हवं ते प्रयोगशाळेतलं. मोटारीत प्रवाशाला किती क्षेत्र मिळतं ते कसं मोजावं याची रीत चीनने 2018 मध्ये मानकात बसवली, आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने 2022 मध्ये. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने दिलेला मायलेजचा आकडा प्रत्येक ग्राहक शोरूममध्ये पहिला विचारतो. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा विषय काढला आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. म्हणजे पुढे विजेच्या मोटरवर धावणाऱ्या गाड्या वाढण्याचीच शक्यता. मग मायलेजशेजारी पायाशी, मांडीपाशी आणि डोक्यापाशी किती मायक्रोटेस्ला, असे तीन आकडे छापायला एआरएआयला आणि कंपन्यांना काय हरकत असावी?