रात्रीच्या ग्रामीण रस्त्यावर सायकलस्वार दिसत का नाही?

नवी दिल्ली : केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ या वर्षात देशभरातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये सायकलस्वारांचे प्रमाण सुमारे तीन टक्के, म्हणजे साडेचार हजारांहून अधिक होते. मोटारसायकल व स्कूटरवरील मृत्यूंच्या तुलनेत हा आकडा लहान दिसतो आणि बहुधा त्यामुळेच त्याची स्वतंत्र चर्चा होत नाही. मात्र याच अहवालातील आणखी दोन बाबी त्यासोबत वाचाव्या लागतात. एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागात झाले आणि संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांतच सुमारे एक पंचमांश अपघात घडले. हे तीन तास म्हणजे दिवेलागणीनंतरचा काळ. शेतावरून, वीटभट्टीवरून, कारखान्याच्या पाळीवरून घरी परतणारा माणूस याच वेळी रस्त्यावर असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील निम्म्या कुटुंबांकडे सायकल असल्याचे आढळले. पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशात हे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या वर आहे. शहरातील पहाटेच्या हौशी सायकलपटूंचे हेल्मेट आणि लुकलुकणारे दिवे वृत्तपत्रांतील छायाचित्रांत दिसतात. प्रत्यक्षात देशातील बहुसंख्य सायकली दुधाच्या किटल्या, गवताचे भारे आणि जेवणाचे डबे वाहतात. झारखंडमध्ये दोनशे किलो आणि त्याहून अधिक कोळसा सायकलवर लादून तो ढकलत नेणारे मजूर दिवस उजाडण्यापूर्वीच वाट धरतात. बिहारने २००६ मध्ये आणि पश्चिम बंगालने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सायकल योजना सुरू केल्या. बंगालमधील योजनेत आजवर एक कोटीहून अधिक सायकलींचे वाटप झाले आहे. या योजनांमुळे मुलींची शाळेतील उपस्थिती वाढली, याची नोंद अभ्यासकांनी घेतली आहे. हिवाळ्यात पाचच्या सुमारास मावळणाऱ्या सूर्यानंतर शिकवणीहून घरी येणारी मुलगी मोटारचालकाला कशी दिसणार, हा प्रश्न मात्र वाटपाच्या समारंभात सहसा कोणी विचारत नाही.

पाय ब्रेकवर पडण्यापूर्वीच

मोटारीचे दिवे खालच्या झोतावर, म्हणजे चालकांच्या भाषेत ‘डिपर’वर असतात तेव्हा समोरचा रस्ता साधारणपणे ५० मीटरपर्यंत उपयुक्त प्रमाणात उजळतो. गडद कपड्यातील माणूस याहूनही कमी अंतरावर ओळखू येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. रस्त्यावर काहीतरी आहे हे दिसणे, ते काय आहे हे ओळखणे आणि ब्रेक दाबणे, यासाठी भारतीय रस्ते महासभेच्या मानकांत अडीच सेकंद गृहीत धरले आहेत. म्हणजे ५० मीटरवर दिसलेल्या सायकलस्वारापर्यंत मोटार पोहोचते तेव्हा चालकाचा पाय ब्रेकवर पडलेलाही नसतो. याच मानकांनुसार सुरक्षितपणे थांबण्यासाठी ताशी ६० किलोमीटर वेगाला ८० मीटर, ८० किलोमीटरला १२० मीटर आणि १०० किलोमीटरला १८० मीटर अंतर लागते. चालक सावध असला, मद्यप्यायलेला नसला आणि ब्रेक उत्तम असले तरी हे गणित बदलत नाही. ‘अचानक समोर आला’ हे अपघातानंतरचे नेहमीचे वाक्य अनेकदा शब्दशः खरे असते, ते याच कारणाने.

ग्रामीण भागातील बहुतेक रस्ते दुभाजक नसलेले, दोन पदरी किंवा त्याहूनही अरुंद असतात. अशा रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर झोत चालकाच्या डोळ्यांवर पडतो, तेव्हा त्या उजेडाच्या डाव्या बाजूला काळोखाचा एक पट्टा तयार होतो. डांबराच्या कडेने जाणारा सायकलस्वार नेमका त्या पट्ट्यात असतो. दिपलेला डोळा पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. वय वाढते तसा हा अवधी वाढत जातो. रात्री डिपर वापरण्याची विनंती देशातील असंख्य मालमोटारींच्या मागे रंगवलेली असते, पण ती वाचणाऱ्याने पाळली असती तर रंगवण्याची गरज उरली नसती. अलीकडच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांनी ही अडचण वाढवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पादचाऱ्यांच्या सुरक्षेसंदर्भातील आदेशात डोळे दिपवणाऱ्या हेडलाइटचीही दखल घेतली आणि त्यांच्या तीव्रतेवर मर्यादा घालण्याबाबत निर्देश दिले.

त्यातच साइडपट्टीची अवस्था. डांबरावर थरावर थर चढत जातात आणि कडेची माती पावसाने वाहून जाते. मग डांबर आणि साइडपट्टी यांत वीतभर उंचीची पायरी तयार होते. मागून वाहन आले तरी सायकलस्वाराला खाली उतरता येत नाही, कारण अंधारात उतरणे म्हणजे पडणे.

परावर्तक कसे काम करतो

सायकलच्या मागील मडगार्डवर बसवलेला लाल परावर्तक स्वतः उजेड देत नाही. त्यातील सूक्ष्म लोलकांची रचना अशी असते, की त्यावर पडलेला प्रकाश आरशाप्रमाणे दुसरीकडे न जाता आला त्याच दिशेने परत फिरतो. मोटारचालकाचे डोळे हेडलाइटच्या जवळ असल्याने हा प्रकाश त्याला तेजस्वी दिसतो. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तोच परावर्तक निस्तेज वाटतो. स्वच्छ व सरळ बसवलेला परावर्तक शंभर-दीडशे मीटरवरूनही लक्षात येतो. चिखलाने माखलेला, वाकलेला किंवा कॅरिअरवरील गवताच्या भाऱ्याखाली झाकलेला परावर्तक असून नसल्यासारखा. समोरच्या वाहनाचाच दिवा बंद असेल, तर सर्वोत्तम परावर्तकही निरुपयोगी ठरतो.

पिवळ्या किंवा पोपटी चमकदार जाकिटाबाबत मोठा गैरसमज आहे. असा फ्लुओरोसंट रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे उठून दिसतो. रात्री ते किरण नसतात, त्यामुळे जाकिटावर परावर्तक पट्ट्या नसतील तर ते साध्या फिकट कापडाहून फारसे वेगळे नसते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी बंद रस्त्यावर रात्री घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या कपड्यातील सायकलस्वार चालकांनी केवळ दोन टक्के वेळा ओळखला. फ्लुओरोसंट जाकीट असताना हे प्रमाण १५ टक्के, परावर्तक जाकीट असताना ५० टक्के होते. जाकिटासोबत घोटे आणि गुडघ्यांवर परावर्तक पट्ट्या बांधल्यावर ते ९० टक्क्यांवर गेले.

या शेवटच्या आकड्याचे कारण मोलाचे आहे. स्थिर लाल ठिपका चालकाला मैलाचा दगड, कुंपणाचा खांब किंवा दूरच्या वाहनाचा दिवा वाटू शकतो. पेडल मारताना वर-खाली होणारे दोन ठिपके मात्र माणसाचेच असू शकतात, हे मेंदू क्षणात ओळखतो. पेडलला लावलेले छोटे पिवळे परावर्तक म्हणूनच महत्त्वाचे. जुन्या सायकलींवर तेच सर्वांत आधी फुटतात आणि दुरुस्तीच्या दुकानात पेडल बदलताना साधे रबरी पेडल बसवले जाते.

सायकलस्वाराची स्वतःबद्दलची समजूतही धोक्यात भर घालते. त्याला मोटारीचे दिवे दूरवरून दिसतात, त्यामुळे चालकालाही आपण दिसत असणार, असे तो धरून चालतो. वास्तविक स्थिती याच्या उलट असते. सायकलस्वार आपण किती अंतरावरून दिसतो याचा अंदाज वाढवून बांधतात, हे संशोधनातून दिसून आले आहे.

चौपदरी महामार्गावर आणखी एक अडचण उद्भवते. दुभाजकातील वळणाची जागा दोन-तीन किलोमीटर दूर असल्याने सायकलस्वार उलट दिशेने कडेकडेने येतो. तो आळशी असतो म्हणून नव्हे. पायाने अंतर कापणाऱ्याला पाच किलोमीटरचा वळसा परवडत नाही म्हणून. अशा वेळी मागचा लाल परावर्तक कामाचा राहत नाही आणि पुढे बहुधा काहीच नसते. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार आणि १२ किलोमीटर वेगाची सायकल एकाच दिशेने जात असतील, तर त्यांच्यातील शंभर मीटरचे अंतर संपण्यास सुमारे पाच सेकंद लागतात. समोरासमोर असतील तर चार सेकंदही मिळत नाहीत.

नियम आहेत, पण जुन्या सायकलींचे काय?

ज्या काळात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागत असे, त्या काळात रात्री दिवा नसलेल्या सायकलस्वाराला पोलीस अडवत. तेलाचा कंदील गेला, चाकाला घासून चालणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो आला. तो पेडल जड करी आणि सायकल थांबली की दिवाही विझे, तरी उजेड होता. पुढे बिल्ला गेला, तपासणी गेली आणि त्यांच्यासोबत दिवाही गेला. आज कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या साध्या सायकलीला दिवा नसतो.

केंद्रीय उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. भारतीय मानक ब्युरोच्या निकषांनुसार पुढे पांढरा, मागे लाल, तसेच चाकांवर व पेडलवर परावर्तक बसवणे त्यातून उत्पादकांवर बंधनकारक करण्यात आले. उद्योगाच्या मागणीवरून अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलण्यात आली होती. हा आदेश नव्या सायकलींना लागू होतो. ग्रामीण भागात पंधरा-वीस वर्षे वापरल्या जाणाऱ्या, आजोबांकडून नातवाकडे येणाऱ्या सायकलींपर्यंत तो पोहोचत नाही.

त्यांच्यासाठी उपाय मालमोटारींच्या बॉडी बांधणाऱ्या दुकानांत आधीच उपलब्ध आहे. अवजड वाहनांवर पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल अशी परावर्तक पट्टी लावण्याचा नियम आहे. त्याच पट्टीचे वीतभर तुकडे मागील मडगार्डवर, पुढच्या दांड्यावर आणि पेडलच्या कडांना चिकटवले, की जुनी सायकलही दूरवरून दिसू लागते. किटल्या किंवा भारा असल्यास पट्टी त्यांच्यावर बाहेरून दिसेल अशी हवी. मागचा लुकलुकणारा छोटा लाल एलईडी दिवा त्याहून उपयुक्त, कारण समोरच्या वाहनाच्या उजेडावर तो अवलंबून नसतो. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पसरते, मोटारीचा झोत धुक्यावर आदळून चालकाकडेच परततो आणि परावर्तकापर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचत नाही; तेथे असा दिवा हाच खरा आधार.

महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात गळीत हंगामात साखर कारखाने आणि परिवहन अधिकारी बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना परावर्तक लावण्याची मोहीम दरवर्षी घेतात. उसाच्या वाढ्यांनी मागचे दिवे झाकले गेलेली ट्रॉली रात्री किती घातक ठरते, हे तेथे अनुभवाने कळले आहे. त्याच रस्त्यावरून, त्याच हंगामात जाणारी सायकल या मोहिमेत क्वचितच मोजली जाते.

स्वतंत्र सायकल मार्गाची शिफारसही नवी नाही. भारतीय रस्ते महासभेच्या १९६२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ताशी दोनशेहून अधिक मोटारी जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी ताशी शंभर सायकली असल्या, तरी असा मार्ग समर्थनीय ठरतो. गावाकडचे बहुतेक रस्ते या कसोटीत बसत नाहीत, कारण तेथे तासाला शंभर नव्हे, दहा-वीस सायकली असतात. त्या ठिकाणी भरलेली साइडपट्टी, वस्तीजवळ कमी केलेला वेग आणि वळणावरचा एक चालू असलेला पथदिवा एवढेच शक्य असते.

अपघातानंतरची कायदेशीर बाजूही परावर्तकाशी जोडलेली आहे. सायकलला दिवा नव्हता, सबब मृताचाही दोष होता, असा युक्तिवाद विमा कंपन्यांकडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे केला जातो. धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेत मृताच्या वारसांना दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीस ५० हजार रुपये भरपाई मिळू शकते. त्यासाठीचा अर्ज अपघात घडला त्या भागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करावयाचा असतो.