अर्जाला उत्तर येत नाही, यात मुलांचा दोष किती?

"आपल्याला कोण घेणार?" पदवी हातात घेऊन सहा-आठ महिने अर्ज करणाऱ्या मुलांच्या तोंडी हे वाक्य आता सर्रास ऐकू येतं. आधी ते चिडून म्हटलं जातं, मग सवयीनं, आणि मग एक दिवस अर्ज करणंच थांबतं. घरच्यांना वाटतं, मुलगा आळशी झाला. मुलाला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. दोघांचंही निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. म्हणून या वाक्यात खरं किती, ते एकदा मोजूनच पाहू.

पहिली गोष्ट, बाजार खरोखर कठीण आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सहभागानं २०२४ मध्ये आलेल्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते फक्त ३.४ टक्के होतं. शिकलेला मुलगा शिक्षणाजोगं काम शोधत थांबतो आणि न शिकलेल्याला थांबणं परवडत नाही, म्हणून हा आकडा असा उलटा दिसतो. "शेजारचा दहावी नापास पोरगा गॅरेजवर कमावतोय आणि आपला बी.कॉम. होऊन घरी बसलाय" ही तुलना घराघरांत होते. ती करण्याआधी हे दोन आकडे आठवावेत.

दुसरी गोष्ट नावाची. यावर आपल्याकडे एक तर रडून बोललं जातं, नाहीतर अजिबात बोलत नाहीत. पण हे मोजलं गेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष आणि मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी ठेवली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या उमेदवाराला बोलावणं येण्याची शक्यता साधारण एक-तृतीयांश निघाली. दलित नावालाही फटका बसला होता.

मुलींबद्दलचा अभ्यास अलीकडचा आहे. लेडबाय फाउंडेशननं २०२२ मध्ये तो जाहीर केला. एकसारखे दोन बायोडाटा, एकावर हबीबा अली आणि दुसऱ्यावर प्रियांका शर्मा अशी काल्पनिक नावं. सुरुवातीच्या पातळीवरच्या हजार नोकऱ्यांना दोन्ही अर्ज गेले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३.

हे आकडे वाचून "बघा, मी म्हणत होतो ना" असं म्हणून पान मिटायचं नाही. ते दोन बाजूंनी वाचायचे. एक, भेदभाव आहे. तो मुलाच्या मनाचा खेळ नाही आणि त्याची लायकीही त्यातून ठरत नाही. दोन, १०३ म्हणजे शून्य नव्हे. हबीबाच्या प्रत्येक दहा अर्जांमागे साधारण एक उत्तर आलं. म्हणजे पंधरा अर्जांवर शांतता असेल तर त्यातून तुमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हिशेबच अजून पुरेसा झालेला नाही. दुप्पट अर्ज करावे लागणं अन्यायाचं आहे, पण ते करता येतं. "कोण घेणार" म्हणून बसून राहिलं तर मात्र उत्तरांची संख्या नक्की शून्य होते.

काही मुलं नाव झाकायला बघतात, नुसती आद्याक्षरं लिहितात. आम्हाला ते पटत नाही. मार्कशीट आणि आधार दाखवताना नाव येणारच, आणि तोवर मनावर उगाच ओझं. मात्र धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय ही माहिती खासगी नोकरीच्या बायोडाटात लिहायची गरजच नसते. ती काढून टाका आणि त्या जागी आपण प्रत्यक्ष काय काम केलं ते लिहा. मामूंच्या दुकानाचं जीएसटीचं काम सांभाळलं असेल तर तो अनुभवच आहे, लाजायचं काय त्यात?

आता खरा मुद्दा. वरच्या दोन्ही अभ्यासांत उमेदवार समोर नव्हता, फक्त कागद होता. कागदावर नाव आधी दिसतं, काम नंतर. म्हणून कागदाच्या आधी माणूस पोहोचला पाहिजे. आपल्याकडे "कुठे लागलं तर सांगा" हे कुणाला सांगितलं जातं? चाचा, मामू, जमातीतले ओळखीचे. ते जिवाला जीव देतील, पण त्यांना माहीत असलेल्या नोकऱ्या आपल्यालाही माहीत असतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी १९७३ साली हेच मांडलं होतं: नोकरीची नवी खबर जवळच्या माणसांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण त्यांचा वावर वेगळ्या वर्तुळात असतो. कॉलेजमधला मागच्या बाकावरचा मित्र, आयटीआयचे निदेशक, अब्बांच्या दुकानात वर्षानुवर्षं येणारं गिऱ्हाईक, क्लासच्या बाई. त्यांच्याकडे नोकरी मागायची नाही. "तुमच्या ऑफिसात या कामाला माणसं कशी घेतात?" एवढंच विचारायचं. दहा मिनिटं बोलल्यावर तुम्ही त्यांच्या लेखी नुसतं एक नाव राहत नाही.

आत शिरण्याची दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ठरलेल्या प्रमाणात शिकाऊ घ्यावेच लागतात. राज्यात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं. सध्या जागा कुठे आहेत ते आपल्या जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारा. रक्कम लहान आहे, मान्य. पण तिथे तुमचं काम डोळ्यांसमोर असतं आणि बायोडाटात एक खरी ओळ वाढते.

दिवस कसा जातो, यावरही मनाची उमेद अवलंबून असते. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापड गिरणी बंद पडली, तेव्हा तिथल्या बेरोजगारांचा अभ्यास झाला आणि १९३३ साली तो पुस्तकरूपानं आला. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा चालण्याचा वेग मोजला. पुरुष हळू चालू लागले होते, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते. वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती. रिकामा वेळ माणसाला असा पोखरतो. त्यामुळे फजरनंतर पुन्हा झोपायचं आणि दुपारी दोनला मोबाइल उघडायचा, हे आधी बंद. सकाळचे तीन तास अर्जांचे, दुपारी एखादं कौशल्य, मग चार पैसे देणारं काहीही काम. शिकवण्या घ्या, डेटा एंट्री करा, दुकानात बसा. मुलींचं उलट होतं. त्यांचा दिवस घरकामात संपतो आणि अर्जाला वेळच उरत नाही. अम्मींनी ते तीन तास तिला मोकळे करून द्यावेत. हे शब्दशः घड्याळ लावून करावं लागतं, नाहीतर होत नाही.

घरात रोज "काही झालं का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर मुलाच्या हातात नसतं आणि दररोज "नाही" म्हणणं हीच एक शिक्षा आहे. त्याऐवजी जुम्म्याला, आठवड्यातून एकदा, विचारा: किती अर्ज गेले, कुणाशी बोलणं झालं, प्रवासाला पैसे हवेत का? पाहुण्यांसमोर विषय काढू नका.

मुलाखतीत दोन प्रश्न आपल्या मुलांना अडखळवतात. "इतके महिने काय करत होतास?" यावर वर सांगितलेली दिनचर्या हेच उत्तर, सरळ सांगावं. दुसरा, जुम्म्याच्या नमाजेचा किंवा हिजाबचा. तिथे वाद घालू नये आणि ओशाळूही नये. "जेवणाच्या सुट्टीत जाऊन येतो, वेळ गेला तर संध्याकाळी भरून देतो" किंवा "हिजाब घालूनच काम करीन, कामात अडचण येणार नाही", एवढं एक वाक्य पुरे. असं उत्तर घरी दहा वेळा मोठ्यानं म्हणून बघावं. बहिणीला समोर बसवा, ती हसेल, हसू द्या.

उमेद खचली की घाई होते, आणि एजंट नेमक्या त्याच घाईवर जगतात. "व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून देऊ" असं कुणी म्हणालं की उठून यायचं. कोकणात अशा बोलण्यावर दागिने गहाण पडतात. नियमाप्रमाणे परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंट ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. एजंट नोंदणीकृत आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून पाहता येतं. पैसे देण्याआधी पाहा, आणि पासपोर्ट त्याच्या हातात ठेवून येऊ नका.